गुराबीच्या पुढची वल्ही

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'विजयदुर्गचा पाडाव'. तिथं जायचंच आहे, पण आधी एक चित्र डोक्यातून काढून टाकू या.

मागे एका शाळेनं कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं भित्तिचित्र बघायला बोलावलं होतं. भिंतभर तीनमजली युरोपीय जहाज, दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा, वर भगवा. मी विचारलं, वल्ही कुठायत? चित्रकार म्हणाले, "वल्ही दाखवली तर होडी वाटेल, सर." हात वर करा बरं, तुमच्यापैकी कितीजणांना तसंच वाटतं? बरेच आहात! म्हणूनच मला हे सांगायचंय.

थळहून खांदेरी बेटावर मचव्यातून, म्हणजे मासेमारीच्या होडीतून, निघालो होतो. मध्येच इंजिन बंद पडलं. सकाळची मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, ओसरलेली, समुद्रावरचा खारा वारा अजून उठायचा होता. तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, एवढंच म्हणाला, "वारा परला." म्हणजे पडला. शीड डोलकाठीला ओल्या धोतरासारखं चिकटलं आणि मचव्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, भरतीच्या ओढीनं आपोआप फिरू लागली. कधी अलिबागकडे, कधी मुंबईकडे. तासभर आम्ही नुसते फिरत होतो. याच पाण्यात 1679 साली शिवाजी महाराजांचा आरमारप्रमुख दौलतखान याच्या आरमारानं इंग्रजांची 'डव्ह' ही नौका पकडली. वाऱ्यावर विसंबलेलं जहाज म्हणजे काय, ते मला त्या तासात कळलं. किती वाचलं होतं त्याआधी!

आता हे असं जहाज समोर आहे असं समजा. त्याच्या तोफा कुशींना, पिछाडीला अगदी मोजक्या. आपली गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, उथळ बुडाची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, आणि तिच्या जड तोफा नाळेवर, थेट पुढं मारणाऱ्या. म्हणजे नाळ रोखली की तोफ रोखली. पण वारा नसताना नाळ रोखायची कशी? तर गलबतं. चाळीस-पन्नास वल्ह्यांची, ताशी 4 मैल जाणारी. ती गुराबीला दोर लावून शत्रूच्या पिछाडीला ओढत न्यायची. गुराबीनं डोलकाठ्या आणि दोरखंड फोडायचे. जहाज पांगळं झालं की हीच गलबतं चहूबाजूंनी भिडायची, माणसं तलवारी घेऊन वर चढायची. वल्हं गेलं की या लढाईतला जीवच गेला. खलाशांनी घाम गाळून जे केलं, ते आपण होडी वाटेल म्हणून पुसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

घड्याळ दाखवताहेत. बरं, विजयदुर्ग, आंग्र्यांचा किल्ला. फेब्रुवारी 1756. पेशवे इंग्रजांच्या बाजूला, कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेलेले. समुद्रावर इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनची मोठी जहाजं, जमिनीच्या फौजेबरोबर क्लाइव्ह. तुळाजींचं आरमार उघड्या समुद्रात असतं, तर वारा पडायची वाट बघता आली असती. ते वाघोटनच्या खाडीत, किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना खेटून उभं होतं. तिथं पिछाडी गाठायला जागा नाही, वल्ही मारायला पाणी नाही. इंग्रजांचा एक पेटता गोळा एका जहाजावर पडला आणि त्या जहाजावरून आग साऱ्या आरमाराला लागली. संध्याकाळपर्यंत सगळं जळालं. पहिलं पेटलेलं ते जहाज 'रेस्टोरेशन', आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडून आणलेलं.