खाता न येणाऱ्या फळांचा जॅम

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडात ऑगस्ट सरत आला की शेतांच्या कडेनं जाणाऱ्या पायवाटांवर हातात डबे-टोपल्या घेतलेली माणसं दिसू लागतात. मनगटांवर काट्यांचे ओरखडे, बोटं जांभळी. तिथं शेतांच्या बांधांवर झाडाझुडपांची जिवंत कुंपणं असतात. हेजरो म्हणतात त्यांना. त्यांच्यावरची रानफळं तोडून घरी जॅम करायचा हा हंगाम ऑक्टोबरपर्यंत चालतो. बहुतेकांची धाव असते ती ब्लॅकबेरीकडे, आणि ते साहजिकच आहे. टपोरी, काळीभोर, झुडपावरून थेट तोंडात टाकावी अशी. पण नुसत्या पिकलेल्या ब्लॅकबेरीचा जॅम करायला घेतला की तो बहुधा पातळच राहतो. बरणी कलती केली की आपला वाहतोय. आणि त्याच कुंपणात, हातभर अंतरावर, आंबट, तुरट, टणक अशी फळं लटकत असतात, ज्यांना कुणी विचारत नाही. खरी गोम तिथं आहे.

जॅमला घट्टपणा येतो पेक्टिनमुळे. फळाच्या पेशींच्या भिंतींत हे द्रव्य असतं. 1825 मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं त्याला नाव दिलं, पण जॅम करणाऱ्या बायकांना त्याचे गुण फार आधीपासून हातानं कळत होते. फळ शिजलं की पेक्टिन रसात उतरतं. मग साखर पाणी ओढून घेते, आम्लामुळे पेक्टिनचे लांबलचक रेणू एकमेकांना दूर लोटायचे थांबतात, ते एकमेकांत गुंततात आणि त्या जाळीत उरलेला रस अडकून बसतो. पेक्टिन, आम्ल, साखर यातलं एक जरी कमी पडलं तरी जाळी धरत नाही. आता फळ पिकतं म्हणजे काय होतं? त्यातलं पेक्टिन तुटत जातं, म्हणून तर ते मऊ पडतं. आंबटपणाही उतरतो. थोडक्यात, फळ खायला जितकं चांगलं, तितकं जॅमला नाठाळ.

ब्लॅकबेरीचंच बघा. हंगामाच्या सुरुवातीच्या तोडीत थोडी लाल, अर्धवट पिकलेली फळं मिसळलेली असली तर काम बरंच सोपं होतं. सप्टेंबर संपता संपता तीच पाणचट होतात, बुरशी धरतात. तिकडे जुनी समजूत आहे की मायकेलमसनंतर, म्हणजे 29 सप्टेंबरनंतर, ब्लॅकबेरी तोडू नये, सैतान त्यांच्यावर थुंकतो. सैतानाचं राहू द्या, सल्ला मात्र चोख आहे.

जोडीला घ्यायचं ते क्रॅब ॲपल. रानटी सफरचंद. छोटंसं, हिरवट-पिवळं, आणि आंबट असं की चावल्यावर दात आंबतात. पेक्टिन आणि आम्ल, दोन्ही भरभरून. दोन वाटे ब्लॅकबेरी असली तर एक वाटा क्रॅब ॲपल घ्यावं. सोलत बसायचं नाही, गाभाही काढायचा नाही, कारण पेक्टिनचा मोठा साठा सालीत आणि गाभ्याभोवतीच असतो. नुसतं चिरायचं, बुडेल इतक्या पाण्यात मऊ शिजवायचं आणि फडक्यातून गाळून तो रस ब्लॅकबेरीत घालायचा. बाजारात पेक्टिनची पूड मिळते, पेक्टिन मिसळलेली साखरही मिळते. वाईट काही नाही त्यात. पण ज्या कुंपणावरून ब्लॅकबेरी आणली, तिथंच हे झाड उभं असताना पुडी फोडायची, हे मला तरी पटत नाही.

ब्लॅकथॉर्नच्या काटेरी झुडपावर येतात ते स्लो. निळसर काळे, वर पांढुरका थर, बोटानं पुसला की खालची चकाकी दिसते. कच्चा चावून बघा, जीभ कोरडी पडून टाळूला चिकटते. पहिलं हिमदव पडल्यावर तोडावेत म्हणतात, तुरटपणा कमी होतो म्हणून. हल्ली लोक फ्रीजरमध्ये ठेवून तेच साधतात. जॅमसाठी मी त्याची वाट बघणार नाही. साखर पडली की थोडा तुरटपणा हवाहवासाच वाटतो. हॉथॉर्नची लाल फळं, हॉ, यांतही पेक्टिन भरपूर, पण गर पिठूळ, बी मोठी आणि चव बेताची. एकट्यानं त्यांची जेली होते, पण माझ्या मते ती भरतीलाच बरी.

गंमत अशी की ब्लॅकबेरी, क्रॅब ॲपल, स्लो, हॉ आणि रोझहिप ही सगळी गुलाबाच्या कुळातली. रोझहिप तर रानगुलाबाचंच फळ. नारिंगी-लाल, लांबट. ते मधोमध चिरलं की आत बियांभोवती बारीक केसांचा गुंता दिसतो. हे केस दिसायला निरुपद्रवी, पण त्वचेला लागले की खाज सुटते आणि घशात गेले तर माणूस हैराण होतो. म्हणून रोझहिप ठेचून शिजवायचं आणि रस दाट विणीच्या फडक्यातून, शक्यतो फडकं दुहेरी करून, दोनदा गाळायचा. इतका खटाटोप कशासाठी, तर त्यात क जीवनसत्त्व अफाट असतं. दुसऱ्या महायुद्धात संत्र्या-मोसंब्यांची आयात जवळजवळ थांबली, तेव्हा 1941 पासून ब्रिटिश सरकारनं रानातले रोझहिप गोळा करून घ्यायला सुरुवात केली. शाळेतली पोरं पिशव्या घेऊन कुंपणं पालथी घालायची, वजनावर पैसे मिळायचे, आणि त्या फळांचं सिरप तान्ह्या मुलांना दिलं जायचं.

त्याच काळात साखरेचं रेशन होतं. जानेवारी 1940 मध्ये सुरू झालेलं, सप्टेंबर 1953 पर्यंत उठलं नाही. म्हणजे युद्ध संपून आठ वर्षं झाली तरी साखर मोजूनच मिळत होती. तरीही सरकारनं विमेन्स इन्स्टिट्यूट या गावोगावच्या बायकांच्या संघटनेला जॅमसाठी वेगळी साखर दिली. 1940 ते 1945 या काळात या बायकांनी 5,300 टनांहून जास्त फळं जॅम करून, डबाबंद करून टिकवली. गावच्या सभागृहात स्टोव्ह पेटवून.

आता रोवनचं झाड. याचे नारिंगी-लाल घोस ऑगस्टमध्येच दिसू लागतात. कच्ची फळं कडू आणि पोटाला त्रास देणारी, कारण त्यांत पॅरासॉर्बिक आम्ल असतं. शिजवल्यावर त्याचं सॉर्बिक आम्ल होतं, आणि ते निरुपद्रवी. हे सॉर्बिक आम्ल 1859 मध्ये हॉफमन या रसायनशास्त्रज्ञानं रोवनच्या फळांतूनच प्रथम वेगळं काढलं. आज कितीतरी पॅकबंद पदार्थांवर बुरशी धरू नये म्हणून जे घालतात, तेच हे. रोवनची कडसर जेली तिकडे शिकारीच्या मांसाबरोबर खातात. पावाला लावायला जाऊ नका.

एल्डरबेरी मात्र गुलाबाच्या कुळातली नाही. काळे, बारीक मण्यांचे घोस, रंग जबरदस्त, पेक्टिन अगदी कमी. कच्च्या फळांत, पानांत आणि देठांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, म्हणून काट्यानं मणी ओरबाडून घ्यायचे, देठ टाकायचे आणि फळं नीट शिजवायची. चाखत चाखत तोडायचं हे फळ नव्हे.

इथंच एक गोष्ट बजावून सांगतो. कुंपणावर लाल-काळं दिसलं की ते खायचं असं नाही. ब्लॅक ब्रायनीचा लाल मण्यांचा वेल याच फांद्यांवरून चढलेला असतो. खाली गवतात लॉर्ड्स-अँड-लेडीजचं लाल कणीस उभं असतं. नाइटशेड आहे, स्पिंडल आहे, यू नावाच्या झाडाच्या लाल फळातली बी आहे. ही सगळी विषारी. फळाबरोबर पान, काटा, देठ, झुडपाची ठेवण हे सगळं पटलं तरच हात घालावा. जराशी शंका आली तरी पुढं चालू लागावं.

कुंपणं कुठली निवडावी? अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेनं कायदे करून सामाईक जमिनी वाटून बंदिस्त केल्या, तेव्हा मैलोन्‌मैल कुंपणं लावली गेली, बहुतेक एकट्या हॉथॉर्नची. काही कुंपणं मात्र त्याहून खूप जुनी. मॅक्स हूपर या ब्रिटिश पर्यावरणशास्त्रज्ञानं एक आडाखा बांधला होता की कुंपणाच्या 30 यार्डांत झाडाझुडपांच्या जितक्या जाती, तितकी शतकं त्याचं वय. आडाखा ढोबळ आहे, पण जॅमवाल्याच्या कामाचा, कारण जुन्या कुंपणाशी क्रॅब ॲपलपासून स्लोपर्यंत सगळा मेळ एका फेरीत जमू शकतो. वर्दळीच्या रस्त्यालगतची फळं नकोत आणि कमरेखालचीही नकोत. कुत्र्यांना फिरवायची वाट तीच असते, समजून घ्या. कायद्याचं म्हणाल तर इंग्लंड आणि वेल्समध्ये 1968 च्या चोरीविषयक कायद्याप्रमाणे रानात आपोआप वाढलेली फळं स्वतःपुरती तोडणं ही चोरी नाही. विकायला तोडली तर ती चोरी ठरते. दुसऱ्याच्या शेतात घुसायची परवानगी मात्र हा कायदा देत नाही, म्हणून सार्वजनिक पायवाट सोडू नये.

घरी आल्यावर जाड बुडाचं, पसरट पातेलं घ्या. रस अर्ध्याच्या वर जाता कामा नये, साखर पडली की तो उसळून वर येतो. फळं आधी थोड्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवायची. घाई करून साखर आधी घातली तर साली चिवट होतात आणि मग काही केल्या शिजत नाहीत. पेक्टिन पुरेसं उतरलंय का, हे बघायची एक जुनी युक्ती आहे. चमचाभर रस गार करून त्यात तीन चमचे मेथिलेटेड स्पिरिट घालून हलकेच हलवायचं. एकच घट्ट गोळा झाला तर उत्तम. बारीक बारीक तुकडे झाले तर अजून क्रॅब ॲपलचा रस हवा. तो नमुना लगेच फेकून द्यायचा, स्पिरिट विषारी असतं.

मग साखर. जॅमला फळाच्या वजनाइतकी, आणि गाळलेल्या रसाची जेली करायची तर 600 मिलिलिटर रसाला 450 ग्रॅम. मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या, एकही कण उरायला नको, आणि मग आच मोठी. हल्ली साखर निम्म्यावर आणायचा आग्रह असतो. खुशाल आणा, पण तो पदार्थ फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायचा. फळीवर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या जॅममध्ये साधारण 60 टक्के साखर लागते, कारण बुरशीला पाणी मिळू न देण्याचं काम तीच करते.

कधी थांबायचं? थर्मामीटर असला तर 105 अंश सेल्सिअसच्या आसपास. नसला तर बशी. एकतारी पाक चिमटीत बघायची आपली सवय इथं उपयोगी नाही. बशी आधी फ्रीजरमध्ये गार करायची, त्यावर जॅमचा थेंब टाकायचा, मिनिटभर थांबून बोटानं हळूच ढकलायचा. वरच्या पातळ सायीला सुरकुती पडली आणि बोटामागची वाट लगेच भरून आली नाही, की झालं. ही परीक्षा चालू असताना पातेलं आचेवरून उतरवून ठेवा, नाहीतर बशीकडे बघता बघता जॅम पुढं निघून जातो, रंग काळवंडतो आणि जळकी चव येते. जेलीसाठी रस गाळताना फडक्याची पुरचुंडी रात्रभर टांगून ठेवायची आणि पिळायची नाही. पिळली की जेली गढूळ होते. चवीत फरक पडत नाही, तेव्हा घरच्यांसाठीच असेल तर पिळा बापडे.

बरण्या धुऊन, ओव्हनमध्ये तापवून, गरम असतानाच भरायच्या आणि झाकणं लगेच घट्ट लावायची. चिठ्ठीवर तारखेबरोबर फळांचं प्रमाणही लिहून ठेवा, कारण कुंपण दरवर्षी तेच आणि तितकंच देत नाही. दुसऱ्या दिवशीही जॅम पातळच दिसला तर घाबरू नका. पातेल्यात परत ओता, क्रॅब ॲपलचा वाटीभर रस घाला आणि पुन्हा उकळी आणून बशीवर बघा.

नमस्कार.