बुबुळ आधी, चेहरा नंतर

नमस्कार श्रोतेहो. रबरी शिक्का तुम्ही हातात घेऊन पाहिला असेल. त्यावरची अक्षरं उलटी असतात, कागदावर उमटली की सुलटी होतात. याच उलट्या-सुलट्यात आयुष्यभर रमलेले एक इंडोनेशियन चित्रकार होऊन गेले, हर्यादी सुआदी. जन्म १९३९चा, जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या चिरेबोनचा.

चिरेबोन काचचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. काचेच्या मागच्या बाजूला रंगवायचं आणि पुढून पाहायचं. कागदावर आपण आधी चेहरा रंगवतो आणि शेवटी डोळ्यांत बुबुळं भरतो. इथे बुबुळ आधी, मग डोळ्याचा पांढरा रंग, मग चेहरा आणि सगळ्यात शेवटी आभाळ. बुबुळ चुकलं तर नंतर रंगाचा हात फिरवून झाकता येत नाही, कारण नंतरचा प्रत्येक हात त्याच्या मागेच जातो!

या काचांवर वायांग या छायाबाहुल्यांच्या खेळातली पात्रं असतात. अर्जुन, भीम आणि आपल्या महाभारतात नसलेला, खास जावाचा सेमार: ढेरपोट्या सेवक, पण मुळात देव. कुडाळजवळच्या पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्यांना वायांग परकं वाटणार नाही. अरबी अक्षरांतून साकारलेला वाघही असतो. उजवीकडून डावीकडे जाणारी ती लिपी काचेवर डावीकडून लिहावी लागते.

हर्यादी मुद्राचित्रण, म्हणजे ठसा कोरून त्यावरून चित्र छापण्याची कला, शिकले ते बांडुंगच्या तंत्रज्ञान संस्थेत, आणि पुढे तिथेच शिकवू लागले. नव्या इंडोनेशियात छापचित्राला मान होता. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसाला, १९४६ साली, मोख्तार आपिन आणि बहारुद्दीन या चित्रकारांनी लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेल्या, चित्रांचा संच काढला होता. एका ठशातून अनेक प्रती निघतात, चित्र दूरवर जातं.

काचचित्र गावाकडचं आणि छापा आधुनिक, अशी वाटणी अनेकजण करतात. हर्यादींकडे पाहिलं की मला ती पटत नाही. लाकडावर कोरायचं तेही उलटंच. वायांगची पात्रं, ताईतावर असतात तशी अक्षरं त्यांनी लाकडातही कोरली आणि काचेवरही रंगवली. २०१६ साली ते गेले.

घरात एखाद्या जुन्या फ्रेमची काच असेल, तर आज तिच्या मागच्या बाजूने आपलं नाव लिहून पाहा, पुढून वाचता येईल असं. दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराशीच हात थबकतो: काना नेमका कोणत्या बाजूला?