बाटलीत न सापडणारं डोपिंग

मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, भाषणं देणं हा काय माझा धंदा नाही, त्यामुळे मध्येच भरकटलो तर सांभाळून घ्या.

सुरुवात एका टेबलापासून करतो. तपासणीचं साधं टेबल, पॅरा म्हणजे अपंगत्व असलेला खेळाडू त्यावर झोपलाय, बाजूला क्लासिफायर उभे, म्हणजे कोणी कुठल्या क्लासमध्ये, अपंगत्वाच्या कुठल्या गटात खेळायचं ते ठरवणारी माणसं, त्यातला एकजण म्हणतो पाय वर उचल, आता मी खाली दाबतो, तू दाबू देऊ नकोस. मग त्या स्नायूला शून्य ते पाच असे मार्क पडतात. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, तीन म्हणजे पाय उचलला जातो पण वरून जोर दिला की पडतो, पाच म्हणजे पूर्ण ताकद. शाळेत मार्क कमी पडले की रडू येतं, इथे उलटं आहे, मार्क जेवढे कमी तेवढं आपल्यापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांबरोबर खेळायला मिळणार, म्हणजे मेडल जवळ. आणि जोर किती लावायचा हे कोणाच्या हातात? त्याच्याच ना!

डोपिंगमध्ये निदान बाटली तरी असते. लघवीचं सॅम्पल कमीत कमी 90 मिली, ते ए आणि बी अशा दोन बाटल्यांत सील होऊन लॅबला जातं. पॅरा खेळाडूंच्या बाबतीत त्यातही बारकावे आहेत, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आणि पिशवी लावलेली असेल तर आधी साठलेली लघवी काढून टाकायची आणि मग ताजं सॅम्पल घ्यायचं, दृष्टिहीन खेळाडू सोबत आपला माणूस नेऊ शकतो कारण फॉर्मवर काय लिहिलंय ते त्याला कोण वाचून दाखवणार? हे सगळं ठरलेलं आहे, नीट चालतं, त्यावर मी फार वेळ घालवत नाही.

पण गोळ्यांबद्दल बोलायलाच पाहिजे. 1992 च्या बार्सिलोना पॅरालिम्पिकमध्ये अमेरिकेच्या व्हीलचेअर बास्केटबॉल टीमचं गोल्ड गेलं, कारण एका खेळाडूच्या सॅम्पलमध्ये वेदनाशामक औषध सापडलं. स्टेरॉइड नव्हतं हो, दुखण्यावरची गोळी! आता ज्याच्या मणक्याला मार बसलाय त्याला दुखणार नाही तर कोणाला दुखणार? म्हणून औषध सुरू करायच्या आधी टीयूई, म्हणजे उपचारासाठीची सूट, तिचा अर्ज करायचा. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक तर 2024 पासून स्पर्धेच्या काळात बंदच आहे, आणि माझ्याकडे येणारी कितीतरी मुलं डॉक्टरने दिली म्हणून खातो एवढंच सांगतात, नाव विचारलं तर पांढरी गोळी.

आता जे लॅबला दिसतच नाही ते सांगतो. बूस्टिंग म्हणतात त्याला. मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर मेंदूचा खालच्या रक्तवाहिन्यांवरचा ताबा सुटलेला असतो, त्यामुळे जोरात व्यायाम केला तरी हृदयाचे ठोके आणि बीपी हवं तेवढं वाढत नाही. पण खाली काही टोचलं, दुखलं, लघवी तुंबली, तर शरीर आपोआप बीपी झपकन वर नेतं, आणि त्या माणसाला दुखलेलं कळतही नाही. मग काही जण काय करतात, कॅथेटर बंद करून ठेवतात, पायाचा पट्टा करकचून आवळतात, पायाचं बोट मुद्दाम मोडल्याचेही किस्से आहेत. फायदा होतो, पण डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस जाऊही शकतो. 1994 पासून बंदी आहे. रेसच्या आधी बीपी मोजतात, वरचा आकडा 160 किंवा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजतात, तेव्हाही तसाच असेल तर त्या रेसमधून बाहेर. मुद्दाम केलं की पिशवीची नळी नकळत दुमडली होती, हे बीपीच्या मशीनला काय कळणार? मला तो नियम पटतो, चोर पकडायला म्हणून नाही, माणूस वाचवायला म्हणून.

म्हणजे बघा, इथे शरीरच औषध आहे आणि शरीरच पुरावा. म्हणून मी म्हणतो, आपलं सगळं लक्ष आणि पैसा बाटलीकडे जातो आणि टेबलाकडे फार कमी, हे चुकतंय.

सिडनी 2000 आठवा. स्पेनच्या बौद्धिक अपंगत्व गटातल्या बास्केटबॉल टीमने गोल्ड घेतलं, आणि नंतर कळलं की बारापैकी दहा खेळाडूंना अपंगत्वच नव्हतं. त्यातला एक पत्रकार निघाला, त्यानेच भांडं फोडलं. शिक्षा कोणाला झाली? जगभरातल्या खऱ्या बौद्धिक अपंगत्वाच्या खेळाडूंना. 2004 नाही, 2008 नाही, थेट 2012 ला लंडनमध्ये त्यांना परत घेतलं. कोणाचं तरी अख्खं करिअर गेलं त्यात.

पण प्रत्येक वादात लबाडीच असते असंही नाही. टोकियोत 2021 ला आपल्या विनोद कुमारने एफ-52 या क्लासमध्ये थाळीफेकीत ब्राँझ मिळवलं, इतर टीमनी हरकत घेतली, दुसऱ्या दिवशी क्लासिफायरच्या पॅनेलला त्याला क्लासच देता आला नाही आणि मेडल गेलं. व्हिक्टोरिया आर्लन या अमेरिकन स्विमरने लंडनला गोल्ड मिळवलं, आणि 2013 मध्ये तिला अपात्र ठरवलं कारण अपंगत्व कायमचं असल्याचं सिद्ध होत नव्हतं. पुढे ती चालायला लागली! आनंद व्हायला पाहिजे का दुःख, सांगा.

माझ्याकडे एक पोरगा यायचा, नाव सांगत नाही. टेबलावर त्याने जीव तोडून जोर लावला, शेजारच्या खोलीपर्यंत आवाज. वरचा क्लास, म्हणजे कमी अपंगत्वाचा गट मिळाला, फायनलला कधी पोचला नाही. आता नियमाचं तत्त्व असं आहे की मेहनतीने वाढलेल्या ताकदीची शिक्षा खेळाडूला होऊ नये, मोजायचं ते अपंगत्व. पण स्नायूतली मेहनत कुठली आणि मुळातली ताकद कुठली हे हाताने दाबून कसं वेगळं काढणार? पुढच्या तपासणीच्या आधी तो मला म्हणाला, "सर, दोन महिने जिम बंद ठेवू का?" मी नाही म्हणालो. त्याने ऐकलं की नाही, माहीत नाही, पण त्या दोन महिन्यांत तो माझ्याकडे एकदाही आला नाही.