त्राटिकेची पावलं

(सरावाचा हॉल. भिंतभर आरसा. लाकडी जमिनीवर पावलांचा आवाज. संगीत अजून नाही.)

बॅलेच्या वर्गात लहान मुलगी पहिल्यांदा उभी राहते, तेव्हापासून तिच्या अंगाला एक वळण लावलं जातं. पाय मांडीपासून बाहेर वळलेला हवा. पाऊल अंगठ्यापर्यंत ताणलेलं हवं. हात असा, की मनगटात कुठे कोन दिसू नये. हे सगळं अंगात मुरायला वर्षानुवर्षं जातात.

आणि मग एक भूमिका अशी येते, की ते वळण मुद्दाम मोडावं लागतं. पाय आत वळलेले, पाऊल आखडलेलं, मुठी आवळलेल्या. ही कॅथरिना, शेक्सपियरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'ची तोंडाळ, कुणाला न जुमानणारी नायिका.

मराठी रंगभूमीची आणि तिची ओळख जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी हे नाटक मराठीत आणलं आणि थेट रामायणातली राक्षसीण आठवून नाव ठेवलं 'त्राटिका'. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या प्रयोगात तिला वठणीवर आणणारा नवरा, प्रतापराव, व्हायचे गणपतराव जोशी आणि त्राटिका व्हायचे बाळाभाऊ जोग. इंग्रजीत काय किंवा मराठीत काय, या नवराबायकोच्या भांडणातलं खरं हत्यार एकच. जीभ.

आता ती जीभच काढून घेतली तर?

(पडदा. स्टुटगार्टच्या नाट्यगृहाचा दर्शनी भाग.)

16 मार्च 1969. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात याच नाटकावर नृत्यरचनाकार जॉन क्रँकोने रचलेला बॅले पहिल्यांदा रंगमंचावर आला. क्रँको जन्मला दक्षिण आफ्रिकेत, घडला लंडनमध्ये, आणि 1961पासून स्टुटगार्टच्या बॅले संस्थेचा प्रमुख होता. 'रोमिओ अँड ज्युलिएट' आणि 'ओनेगिन' त्याने आधीच केले होते. पण शोकांतिकेला शब्दांवाचून फारसं अडत नाही. विरह, मृत्यू, पश्चात्ताप हे नाचाला सहज उमगतं. विनोदाचं तसं नाही.

नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीनचं एक प्रसिद्ध म्हणणं आहे: बॅलेमध्ये सासू नसते. रंगमंचावर एक बाई आणा, कितीही नाचवा. ही नायकाच्या बायकोची आई आहे, हे पावलांनी सांगता येणार नाही. आणि शेक्सपियरचं हे नाटक तर अशा नात्यागोत्यांनी आणि वेषांतरांनी ठासून भरलेलं आहे. नोकर मालकाचे कपडे घालतो, एक परका माणूस दुसऱ्याच कुणाचा तरी बाप होऊन येतो.

क्रँकोने यातलं बरंच कापून टाकलं. दारुड्या क्रिस्टोफर स्लायची प्रस्तावना गेली. ट्रॅनिओ नावाचा चतुर नोकर गेला. उरल्या दोन बहिणी, त्यांचा बाप, धाकटीला मागणी घालणारे तिघे, आणि पेत्रुकिओ, म्हणजे आपल्या मराठीतला प्रतापराव. ते तिघे घरात शिरतात शिक्षकांच्या वेषात. यातली युक्ती कळायला एकही शब्द लागत नाही. शिकवण्याच्या नावाखाली कोण किती जवळ सरकतोय, ते दिसतंच.

एका ठिकाणी तर बॅलेने नाटकावर मात केली आहे असं मला वाटतं. मूळ नाटकात लग्नाचा विधी आपल्याला दिसतच नाही. पेत्रुकिओ चर्चमध्ये कसा धिंगाणा घालतो, पुरोहिताला कसा मारतो, हे त्या तिघांतला ग्रेमिओ येऊन सांगतो. बॅलेला सांगण्याची सोयच नाही, म्हणून ते दाखवावं लागलं. उशिरा आलेला, विचित्र पोशाखातला नवरदेव, घाबरलेला पुरोहित, आणि जेवणावळ सुरू होण्याआधीच नवरीला उचलून नेणं, सगळं डोळ्यांसमोर घडतं.

(संगीत सुरू. हलके, झपझप सूर.)

संगीत अठराव्या शतकातल्या इटालियन संगीतकार दोमेनिको स्कार्लात्तीचं. एकट्या वादकाने वाजवण्याच्या 555 सोनाटा, म्हणजे छोट्या संगीतरचना, त्याच्या नावावर आहेत. कुर्ट-हाइन्त्स श्टोल्त्सने त्या सुरांना वाद्यवृंदाचा साज चढवला. बॅलेतल्या विनोदाला स्कार्लात्ती नवा नव्हता. 1917 साली रशियन नृत्यरचनाकार लिओनिद मासिनने इटालियन नाटककार गोल्दोनीच्या एका प्रहसनाचा बॅले केला, तोही याच सुरांवर. ही निवड का जमते, हे ऐकल्यावर कळतं. वाक्यं छोटी, अचानक तुटणारी, पुन्हा तोच प्रश्न विचारणारी. थप्पड नेमकी कुठल्या ठोक्यावर पडायची, ते संगीतच सांगतं.

(दोन नर्तक, सरावाच्या कपड्यांत. एक झटापट, संथ गतीने.)

आता नीट पाहा. क्रँकोने कॅथरिनाची भूमिका रचली ब्राझीलच्या मार्सिया हैदेसाठी, आणि पेत्रुकिओ अमेरिकेच्या रिचर्ड क्रेगनसाठी. क्रेगन एका उडीत हवेतल्या हवेत तीन गिरक्या घ्यायचा; पट्टीचे नर्तकही सहसा दोनवर थांबतात. पेत्रुकिओचा तोरा त्या तिसऱ्या गिरकीत आहे.

पण खरी मेख आहे भांडणात. ती लाथ मारते, तो तिला उचलतो, ती निसटते, आपटते. पाहणाऱ्याला वाटतं, ती जीव खाऊन विरोध करतेय. प्रत्यक्षात उचललं जाताना नर्तिका स्वतः उडी घेते, कंबर घट्ट धरते, श्वास त्याच्या श्वासाशी जुळवते. अंग सैल सोडलं तर ती धोंड्यासारखी जड होईल आणि दोघांनाही दुखापत होईल. म्हणजे जिथे कथेत ती त्याचं काहीएक ऐकत नाही, नेमकं तिथेच तिला त्याच्यावर पूर्ण भरवसा टाकावा लागतो. त्यालाही तिच्यावर.

मला या बॅलेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. कारण या नाटकाचा शेवट आज घशाखाली उतरत नाही. कॅथरिना 44 ओळींचं भाषण करते, नाटकातलं सगळ्यात लांब. बायकांनी नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवावा, असं सांगते. त्याआधी नवऱ्याने तिला उपाशी ठेवलेलं असतं. संवादांच्या गर्दीत ती भूक थोडी झाकली जाते. नाचात नाही जात. थंडीने आणि भुकेने आकसलेलं शरीर समोर असतं, आणि तिथे हसू थांबतं. थांबायलाच हवं.

पण भाषणाच्या जागी क्रँकोने दोघांचा नाच ठेवला. त्यात उपदेश नाही. तेच उचलणं, तेच तोल जाणं, फक्त आता झटापटीचं सोंग उरलेलं नाही. 2014 साली मॉस्कोच्या बोल्शोई बॅले संस्थेसाठी फ्रेंच नृत्यरचनाकार जाँ-क्रिस्तोफ मायोने हेच नाटक रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या संगीतावर पुन्हा रचलं. त्याचे पेत्रुकिओ आणि कॅथरिना तर पहिल्यापासूनच बरोबरीचे, एकमेकांना ओळखून असलेले दोघे वाटतात.

क्रँको 1973 साली अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतताना विमानातच गेला. वय 45. त्याच्या पावलांची नोंद नर्तकांच्या अंगात राहिली; एकीने दुसरीला शिकवली, दुसरीने तिसरीला.

(सरावाचा हॉल. संगीत थांबलेलं. ती पाठमोरी उभी. तो चार पावलं मागे.)

ती मागे न बघता पडते. तो धरतो. जरा उशीर झाला, दोघांनाही कळलंय.

ती उठते, पाय पुन्हा आत वळवते, मुठी आवळते.

"परत एकदा."