चाळीस मिनिटांवरून खाली

समजा, तुम्ही पाच किलोमीटर ४० मिनिटांत धावता, म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटं, हा तुमचा पेस. आता साडेसातचा पेस हवाय, म्हणजे ३७:३०. बहुतेक जण काय करतात? रोज तोच रस्ता, रोज धापा टाकत कालच्या वेळेशी झुंज. थोडे दिवस वेळ सुधारते, मग अडते आणि नडग्या दुखायला लागतात. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि कंडरांना (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोरांना) महिने लागतात. दम पुरतो म्हणून आपण पळत सुटतो आणि मार पायांना बसतो.

म्हणून आठवड्यात चार दिवस धावत असाल, तर तीन दिवस हळू. किती हळू? सोबतच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता यायला हव्यात. नुसतं ‘हं, हं’ निघत असेल, तर जोर जास्त होतोय. तुमच्यासाठी हा पेस साडेनऊच्या आसपास असेल, मध्ये चालावंही लागेल. लाजू नका. पुणे विद्यापीठाच्या आवारात सकाळी तुमच्याकडे कोणी बघत नाही, जो तो स्वतःच्या घड्याळात बघत असतो.

धावायला लागून दोन-तीन महिनेच झाले असतील, तर हळू धावून झाल्यावर २० सेकंद जोरात, मग मिनिटभर चाल, असं चार वेळा केलं तरी पुरे. त्यापुढच्यांनी चौथा दिवस ट्रॅकला द्यावा. दहा मिनिटं जॉगिंग, मग आतल्या लेनमधून ४०० मीटरच्या सहा फेऱ्या. बाहेरची आठवी लेन धराल, तर फेरी ४५० मीटरच्या वर जाते आणि हिशेब कोलमडतो. एक फेरी तीन मिनिटांत, मग दोन मिनिटं चाल. गडबड होते ती पहिल्याच फेरीत: अंगात जोर असतो, अडीच मिनिटांत ती संपते आणि चौथीला ३:२० लागतात. सहावी पहिलीइतक्याच वेळात आली, तर सराव जमला.

पाऊल लांब टाकून वेग वाढवायला जाऊ नका. टाच गुडघ्याच्या पुढे पडली की दर पावलाला ब्रेक लागतो. अर्धा मिनिट फक्त उजवं पाऊल मोजा आणि चारने गुणा. ३८ आली तर मिनिटाला १५२. ती ४० करा. पावलं आपोआप आखूड होतील.

तळजाईच्या किंवा वेताळ टेकडीवर पेस बघूच नका, चढाला श्वासावरून जोर ठरवा. एप्रिलच्या उन्हात आकडे घसरणारच, त्यावरून स्वतःला नापास करू नका.

सहा आठवड्यांनी, सपाट रस्त्यावर, पहाटे वेळ लावा. पहिला किलोमीटर ७:४० ने, फारच सोपा वाटला तरी. मधले तीन ७:३० ने. शेवटचा ७:२० ने.