रात्रीचं जेवण किती वाजता?

नमस्कार श्रोतेहो.

आई, वडील, आत्या, काका, घरातल्या कुणालाही शुश्रूषा केंद्रात ठेवायची वेळ आली की आपण फोन करतो आणि पहिल्यांदा विचारतो, महिन्याचे किती घेता? माझी विनंती आहे, पैशांच्या आधी एक प्रश्न विचारा. रात्रीचं जेवण किती वाजता देता?

'सहा-साडेसहाला' असं उत्तर आलं तर लगेच पुढचा प्रश्न, सकाळचा नाश्ता किती वाजता? समजा साडेआठ. म्हणजे मधे चौदा तासांचा उपास. दिवसपाळीची माणसं घरी जायच्या आत सगळ्यांना जेवू घालून, गोळ्या देऊन, दिवे मालवून मोकळं व्हायचं, असा तो हिशेब असतो. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाची साखर पहाटे उतरली, त्याला दरदरून घाम सुटला, तर अंधारात ते बघणार कोण? अमेरिकेतल्या केंद्रांसाठी जे सरकारी नियम आहेत, त्यांत रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत १४ तासांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये असं लिहिलंय. झोपताना काही पौष्टिक खायला दिलं तर १६ पर्यंत चालतं. आपल्याकडे हे घड्याळ कुटुंबालाच बघावं लागतं.

मी एकतीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. शेवटची बरीच वर्षं हाडांच्या वॉर्डात. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं रोज बघितली. आणि तरीही, माझ्या आईला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि तिच्यासाठी केंद्र शोधायची वेळ आली, तेव्हा मी काय पाहिलं? बाग पाहिली. गणपतीचं छोटं देऊळ पाहिलं. चकचकीत फरश्या पाहिल्या आणि वाटलं, स्वच्छ आहे. सकाळी अकराला गेले होते, आधी फोन करून.

सहा आठवड्यांनी थंडी होती म्हणून आईच्या पायांत मोजे होते. ते मी सहज काढले. उजव्या टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग होता. चादरीखाली, मोज्यांखाली, आतल्या आत मांस मेलं होतं. तिला सांगता येत नव्हतं आणि त्या बाजूला नीट कळतही नव्हतं.

मी विचारलं, रात्री किती माणसं असतात? चौदा जणांमागे एक मावशी. ती मावशी माझ्यासमोर रडली. तिच्यावर मी आजही राग धरलेला नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. चौदांपैकी आठ जण तसे असले तर आठांना रात्रभर वळवायचं, ओले झालेले कपडे बदलायचे, कुणी हाक मारली की धावायचं. एका माणसाच्या हातून हे होत नाही. म्हणून मालकाला दिवसपाळीत किती माणसं आहेत हे विचारू नका, रात्रपाळीत किती ते विचारा. आणि शक्य असेल तर एकदा रात्री नऊला, न सांगता, जा.

भेटायला गेलात की चेहऱ्याकडे बघून थांबू नका. चेहरा सगळेच पुसून, पावडर लावून तयार ठेवतात. पांघरूण बाजूला करा. टाचा बघा, माकडहाडाची जागा बघा, खुबे, कोपरं, खांद्यांची पाती, डोक्याची मागची बाजू बघा. कातडी लाल दिसली तर बोटाने दाबून सोडा. लाली क्षणभर फिकी पडून परत आली तर सावध व्हा. दाबूनही ती तशीच राहिली तर शय्याव्रण सुरू झालंय असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात फिरवून बघा, आजूबाजूपेक्षा जागा गरम, टणक किंवा मऊ लागते का. हवेची गादी घातली आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पंप चालू आहे का तेही बघा, आणि ती गादी असली तरी कूस बदलावी लागतेच. भिंतीवर कूस बदलल्याचा तक्ता असेल तर तो जवळून वाचा. रात्रभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिल्यासारख्या दिसल्या की मला शंका येते.

वजनाचं तसंच. महिन्याला वजन करता का, असं विचारलं की सगळे हो म्हणतात. मग विचारा, उभं न राहणाऱ्या माणसाचं कसं करता? खुर्चीचा काटा आहे का? नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजता का? महिन्याभरात वजनाचा विसावा भाग गेला, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो उतरलं, तर ते म्हातारपण म्हणून सोडून द्यायचं नसतं. आपल्या बायकांच्या बाबतीत काट्याचीही गरज पडत नाही. हातातली बांगडी पूर्वी मनगटाशी अडायची, ती आता कोपरापर्यंत सरकते का, एवढं बघा.

पाण्याचा पेला उशाशी असतो. पण कुठल्या बाजूला? आईचा पेला उजवीकडे, म्हणजे गेलेल्या हाताच्या बाजूला ठेवलेला असायचा. दिवसभर भरलेला. वयाबरोबर तहान कमी लागते, त्यामुळे म्हातारी माणसं पाणी मागतच नाहीत. ते द्यावं लागतं. आणि भरवताना कसं भरवतात हे तर जेवणाच्या वेळी तिथे बसूनच कळेल. माणूस पाठीमागे आधार देऊन ताठ बसलेला हवा, घास लहान हवा, पहिला गिळल्याशिवाय दुसरा नको, आणि जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायला नको. पक्षाघातानंतर पुष्कळांना पातळ चहा-पाणीच गिळायला जास्त अवघड जातं. दाटसर पेज सहज उतरते आणि चहाच्या घोटाला ठसका लागतो. दर घोटाला ठसका लागत असेल आणि भरवणारी 'खोकला झालाय' म्हणत असेल, तर त्या अन्नाचा काही भाग फुप्फुसात जात असेल.

आता एक गोष्ट सांगते, तिच्यावर माझं फार ठाम मत आहे. नातेवाईक मला येऊन सांगतात, 'ताई, छान आहे हो तिथे, किती शांत वाटतं.' सकाळी अकराला वीस माणसांचं सभागृह शांत असेल, सगळे खुर्चीत माना टाकून बसले असतील, तर ती शांतता मला घाबरवते. झोपेची किंवा मन शांत करणारी औषधं कुणाकुणाला, कुणाच्या सांगण्यावरून चालू आहेत, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. चिठ्ठी मागा. मनगटांवर वळ आहेत का बघा. नळी ओढून काढतात म्हणून ओढणीने किंवा पट्टीने हात पलंगाच्या कठड्याला बांधून ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत. आणि काल नीट बोलणारा माणूस आज एकाएकी बरळायला लागला, माणसं ओळखेना, तर 'डोकं फिरलं' म्हणून त्याला गोळी देणारं केंद्र सोडा. लघवीचा संसर्ग, पोट साफ न होणं, शरीरातलं पाणी कमी होणं, एखादं नवं औषध, यांतलं काहीतरी बऱ्याचदा त्यामागे असतं आणि ते बरं होतं.

पडण्याबद्दल विचाराल तेव्हा प्रश्न असा करा, गेल्या सहा महिन्यांत इथे कोण कोण पडलं? 'एकही नाही' या उत्तराने खूश होऊ नका. म्हातारी माणसं चालतात म्हणून पडतात. जिथे कुणीच पडत नाही, तिथे कदाचित कुणाला उठूच दिलं जात नाही. चांगल्या ठिकाणी वही काढून दाखवतात. अमुक तारखेला, पहाटे, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, आणि त्यानंतर आम्ही तिथे आडवा दांडा बसवला, रात्रीचा दिवा लावला. मला अशी वही दाखवणाऱ्या बाईंवर विश्वास ठेवावासा वाटतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्रात १९४९ पासून नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा आहे. आपण नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचा किंवा छोट्या शस्त्रक्रियेचा दवाखाना समजतो, पण त्या कायद्याच्या व्याख्येत आजाऱ्यांबरोबर दुर्बल माणसांची शुश्रूषाही येते. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी जागी लावायचं असतं. ते आहे का, मुदतीतलं आहे का, की संस्था नुसती वृद्धाश्रम म्हणून चालते, हे विचारा. करारात दोन गोष्टी शोधा. रात्री दोनला तब्येत बिघडली तर कुठल्या रुग्णालयात नेणार, सोबत कोण जाणार. आणि माणूस मधेच हलवला तर अनामत परत मिळणार का. बाकी कलमं सावकाश वाचली तरी चालतील.

तुमच्यापैकी काहींची मुलं परदेशात असतील. अमेरिकेत २००८ पासून सरकारच तिथल्या नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं. तपासणीचे निकाल, कर्मचाऱ्यांची संख्या, रहिवाशांच्या प्रकृतीचे आकडे यांवरून ते ठरतात, आणि घरबसल्या बघता येतात. तरी त्यातले प्रकृतीचे आकडे बरेचसे केंद्रांनी स्वतः भरलेल्या माहितीतून येतात, म्हणून तिथेही लोकांना सांगतात की तारे बघा आणि मग प्रत्यक्ष जाऊन या. आपल्या हातात तर तारेही नाहीत. परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर आईचा विंचरलेला भांग बघतो आणि फोन ठेवतो. त्याला माझं सांगणं आहे, बाळा, पुढच्या वेळी म्हण, 'मावशी, जरा आईचे पाय दाखवता का?' महिन्यातून दोनदा म्हण. विचारणारं कुणी आहे, हे तिथे कळलेलं बरं असतं.

तिथली माणसं हाक कशी मारतात, हेही कान देऊन ऐका. पहिल्या केंद्रात माझी आई 'चार नंबर' होती. 'चार नंबरचं डायपर झालं का गं?' चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई.

काही गंभीर दिसलं, मारहाण, उपासमार, बांधून ठेवणं, तर गप्प बसू नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची मोफत हेल्पलाइन आहे. एक, चार, पाच, सहा, सात. पुन्हा सांगते, एक, चार, पाच, सहा, सात.

आईला आम्ही दुसरीकडे हलवलं. जुना बंगला होता, भिंतींचे पोपडे निघालेले, बागबिग काही नव्हती. नऊ माणसं राहायची आणि रात्री दोन मावश्या असायच्या. जेवण आठला. टाच भरून यायला चार महिने लागले. एकदा मी रात्री उशिरापर्यंत थांबले होते. मावशी पलंगापाशी आली, वाकली आणि म्हणाली, 'बाई, आता डाव्या कुशीवर घेऊ का?' आईला बोलता येत नव्हतं. मावशी तशीच वाकून उभी राहिली, आईने पापण्या मिटून होकार देईपर्यंत.