मुंबई ते दुबई, काकीच्या घड्याळाने

नमस्कार मंडळी! आज बोलूया मुंबई ते दुबई विमानाबद्दल, कारण आपल्या खाडीपट्ट्यातली किती पोरं तिकडे आहेत ते मी वेगळं सांगायला नको.

आमच्या काकीचा धाकटा पहिल्यांदा दुबईला गेला तेव्हा काकीने कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं, मुंबई सुटली सकाळी १०, पोचल्याचा मेसेज ११.४५. झालं! अख्ख्या वाडीत सांगत सुटली, पोरगा पावणेदोन तासात पोचला, रत्नागिरीहून मुंबई गाठायला मात्र रात्र गेली (आणि हायवेचं म्हणाल तर त्यावर मी बोलायला लागलो तर आजचा कार्यक्रम तिथेच संपेल, सोडा). मग तो शिमग्याला आला. तिथून रात्री १० ला निघाला, मुंबईत उतरला २ वाजून २० मिनिटांनी. काकीने परत हिशोब मांडला, सव्वाचार तासांच्या वर! मला हाक मारून विचारते, "काय रे, येताना चढ लागतो काय वाटेत? साखरप्याच्या पुढे आंबा घाटात एसटी कशी कण्हते, तसं?"

मी हसून हसून खाली बसलो, पण तिची चूक तरी काय, दोन्ही टाइम खरेच होते. फक्त दोन वेगवेगळ्या गावच्या घड्याळातले. दुबई आपल्या दीड तास मागे. परत सांगतो, दीड तास मागे. म्हणजे जाताना पावणेदोनात दीड मिळवा, सव्वातीन तास. येताना ४ तास २० मिनिटांतून दीड वजा करा, २ तास ५० मिनिटं. म्हणजे काकीचं बरोबर उलटं, येतानाच लवकर येतं! कारण थंडीच्या दिवसांत, अगदी शिमग्यापर्यंत, वर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर वारं पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात धावतं, ते येताना विमानाच्या पाठीशी आणि जाताना तोंडावर.

अंतर म्हणाल तर सरळ उडत गेलं तर साधारण १,९३० किलोमीटर, बहुतेक सगळं अरबी समुद्रावरून. ताशी साडेआठशेने भागलं तर सव्वादोन तास येतात, पण तिकिटावरचा टाइम गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं सगळं आलं. म्हणून धरून चाला तीन तास. आणि बॅगेत फणसाची साठं जरूर द्या पण कोकमाच्या आगळाची बाटली नको, बाटली फुटली की पोराचे सगळे शर्ट लाल, मी बघितलंय.

तर काकीने आता भिंतीवर दुसरं घड्याळ लावलंय, दीड तास मागे, दुबईचं. दोन्ही शेजारी शेजारी, सारखीच गोल. गेल्या सोमवारी काकांनी नेमकं त्यात बघितलं, सहाच वाजलेत म्हणून सावकाश दाढी केली, चहा घेतला, आणि स्टॅंडवर गेले तर साडेसातची एसटी कधीच गेलेली.